कातडीबचाऊ

गाडी घेणं ही काही फारशी अवघड गोष्ट नाही. निदान बँकेतल्या माणसाला तरी नाही. वीस-बावीस वर्षं लोकांना कर्जाचा फॉर्म कसा भरायचा हे सांगून झालं, की एक दिवस तोच फॉर्म आपल्यापुढे ओढायचा, 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' या रकान्यात आपलं नाव लिहायचं आणि काउंटरच्या अलीकडून उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसायचं, एवढंच. स्टाफला व्याज सवलतीच्या दराने लागतं. अपमान मात्र पुऱ्या दराने होतो. कर्ज विभागातल्या ज्या पोराला मी स्वतः व्हाउचर कसं पंच करायचं ते शिकवलं, त्यानेच मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, परतफेडीची क्षमता काय धरू?" मी म्हणालो, "माझ्या शेजारच्या टेबलावर बसतोस ना? मग तुला माहीत आहे तेवढीच धर."

तर अशा रीतीने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अस्मादिकांच्या दारात चार चाकं उभी राहिली. गडद निळी, छोटीशी, चौघांच्या कुटुंबाला पुरेल आणि पाचवा पाहुणा आला तर तो आपण होऊन रिक्षा बघेल, अशा बेताची. शोरूममध्ये सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकाखाली लिंबं ठेवली. मी नारळ फोडायला हात उचलला, तेवढ्यात तिथला टाय बांधलेला तरुण धावत आला. मला वाटलं, नारळ धरायला आला. तो म्हणाला, "सर, कुंकवाचा डाग धरतो हं. पेंटचं काहीतरी करून घ्या. रॅप करा, नाहीतर पीपीएफ तरी."

अजून नारळ फुटला नव्हता आणि काळजी फुटली होती.

पीपीएफ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर प्रॉव्हिडंट फंडच आला. पंधरा वर्षं हात लावायचा नाही, अशी ती वस्तू. पुढे कळलं की, हे पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. तीही अशीच वस्तू. तिच्यात पैसे घातले की आपल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही.

रविवारी एका 'डिटेलिंग स्टुडिओ'त गेलो. पूर्वी ज्याला गॅरेज म्हणत, त्यालाच आता स्टुडिओ म्हणतात. फरक इतकाच की, गॅरेजमध्ये चहा आपण सांगायचो. इथे कॉफी न सांगता येते आणि ती बिलात कुठे लपली आहे हे आमच्या ऑडिटरलाही सापडणार नाही. तिथल्या पंचविशीतल्या पोराने मला जे ज्ञान दिलं, ते वाचकहो, तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून थोडक्यात सांगतो.

गाडीचा रंग, म्हणजे खालचा थर, मधला थर, वरचा पारदर्शक थर, असं सगळं मिळून जेमतेम शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतं. माणसाचा केस धरा सत्तर मायक्रॉन. म्हणजे आठ लाखांची गाडी घेतल्यावर आपण ज्या निळ्या रंगाकडे बघून खूश होतो, तो दीड-दोन केसांच्या जाडीचा असतो. माझ्या डोक्यावर जेवढा ऐवज शिल्लक आहे, साधारण तेवढाच. आता या रंगाला पांघरूण घालायचे दोन मार्ग. पहिला विनाइल रॅप. हे पीव्हीसी, आपल्या मोरीतल्या पाइपाचं श्रीमंत भावंड. जाडी शंभर मायक्रॉनच्या आतबाहेर. याचा जन्म सजावटीसाठी. निळ्या गाडीवर पिवळं चढवा, मॅट काळं चढवा, वाटलं तर आरशासारखं चकचकीत चढवा. उन्हापासून आणि किरकोळ खरचटण्यापासून खालचा रंग वाचतो. पण ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा आला, की त्यालाही लागतो आणि खालच्यालाही. चार-पाच वर्षांनी सोलून काढायचं.

दुसरा मार्ग, फिल्म. ही पॉलियुरेथेनची, जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे खुद्द रंगापेक्षा जाड. पारदर्शक. लावली आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. हिचं मूळ व्हिएतनामच्या युद्धात. अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती धुळीने आणि वाळूने झिजू नयेत म्हणून त्यांवर असली फिल्म लावायला सुरुवात झाली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि तिथून माझ्यासारख्यांच्या गाडीवर. जिथे गोळ्या सुटत होत्या तिथली वस्तू आता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर झोपणाऱ्या बोक्याशी लढायला येणार होती. शिवाय चांगल्या फिल्मचा एक चमत्कार असा की, वरच्यावर ओरखडा उठला तर तो उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतो. पोराने डोळ्यांदेखत करून दाखवलं. पितळी ब्रशने खसाखसा ओरखडे काढले, वर गरम पाणी ओतलं, ओरखडे गायब! मला एकदम आमचा संसार आठवला. आमच्याकडेही बहुतेक ओरखडे गरम चहाने भरून येतात. चहा कोण करतो यावर नवे उठतात, ती गोष्ट निराळी.

"किंमत?" मी विचारलं.

"रॅपचे पन्नास हजार, फिल्मचे नव्वद."

मी कॉफी संपवली. निदान तेवढी तरी वसूल व्हावी.

यानंतरचे तीन आठवडे मी या प्रश्नाच्या आहारी गेलो. सल्ले भरपूर मिळाले. मेव्हणा म्हणाला, "भावजी, रॅप करा. लोकांना कळलं पाहिजे ना पैसे खर्च केलेत ते!" वरच्या मजल्यावरचे निवृत्त मेजरसाहेब म्हणाले, "फिल्म. संरक्षण दिसता कामा नये." आमचे शाखाधिकारी म्हणाले, "दोन्ही कोटेशनं फाइलला लावून ठेवा." ते कुठल्याही प्रश्नावर हेच म्हणतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. प्रश्न सुटत नसला की कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, ही आमची साधना. डावीकडे रॅप, उजवीकडे फिल्म. पहिली अडचण निघाली रॅपची. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडीत असा बदल करू नका ज्याने कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरं होईल. म्हणजे निळी गाडी पिवळी केली तर आरटीओला जाऊन सांगायला हवं. मला या कायद्याचं कौतुक वाटलं. गाडीने रंग बदलला तर सरकारी कचेरीत जाऊन कबुली द्यायची. माणसांना हे कलम लावलं तर निवडणुकीच्या मोसमात आरटीओपुढे केवढी रांग लागेल!

दुसरी अडचण फिल्मची. विम्याचा तक्ता काढून बघितला. त्यात गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के, वर्षानंतर वीस, असं करत करत पाचव्या वर्षात पन्नास टक्क्यांनी घटलेली धरतात. तक्त्यात गाडीचं वय विचारतात. कातडी विचारत नाहीत. म्हणजे मी नव्वद हजारांचं पारदर्शक चिलखत चढवलं काय आणि गाडी उघडी ठेवली काय, विमा कंपनीच्या लेखी आम्ही दोघं सारख्याच वेगाने म्हातारे होणार.

आणि पाच-सात वर्षांनी ती फिल्म सोलून काढायची. खाली कोरा करकरीत निळा रंग. तो कोण बघणार? गाडी विकत घेणारा! म्हणजे माझ्या गाडीचं जे उत्तम, ते मी एका अनोळखी माणसासाठी नव्वद हजार भरून जपायचं आणि स्वतः आयुष्यभर फिल्मवरून हात फिरवायचा.

इथे माझा प्रश्न गाडीवरून घसरला.

मला वाटायला लागलं, जगात माणसंही दोनच प्रकारची. एक रॅपवाली. 'आहोत त्याहून निराळे दिसू दे' म्हणणारी. दुसरी फिल्मवाली. 'आहोत तसेच राहू दे' म्हणणारी. रॅपवाल्यांना आपण नावं ठेवतो. पण त्यांचं खोटं निदान उघड्यावर असतं. पिवळी गाडी बघणाऱ्याला कळतं की, हौस केली आहे. फिल्मवाल्यांचं तसं नाही. ते दिसतात अगदी मोकळे आणि स्पर्श करायला जावं तर मध्ये दोनशे मायक्रॉन.

आम्ही मध्यमवर्गीय हे पिढीजात फिल्मवाले. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो. वर रबरबँड. त्याची बटणं आम्ही आजवर अंदाजानेच दाबली. दिवाणखान्यातल्या सोफ्याचं मूळ कापड मरून रंगाचं आहे असं सौ. म्हणते, पाहिलेलं कुणीच नाही. चांगल्या कपांचा सेट पाहुण्यांसाठी आहे आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्या सेटच्या लायकीचा नाही असं आयत्या वेळी ठरतं. माझ्या आईचा लग्नातला शालू होता. तिने तो सगळा मिळून तीन वेळा नेसला असेल. एरवी मलमलीत गुंडाळून ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात. धाकट्या बहिणीच्या लग्नात नेसायला म्हणून मोठ्या थाटाने काढला, उलगडला आणि घडी होती त्या त्या रेघेवर तो टरटर उसवत गेला. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवरच जिरतं. आई काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "नेसून फाटला असता तर बरं होतं." ते वाक्य तेव्हा मला शालूबद्दल वाटलं होतं.

एवढं तत्त्वज्ञान मला सुचलं, तरी शहाणपण आलं असं समजू नका. बी.कॉम.ला थिअरीत पास होऊन प्रॅक्टिकलमध्ये नापास होणारे बरेच असतात. मी त्यांतलाच.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी खाली उतरलो तर गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर ओरखडा. वीतभर लांब, खालच्या थरापर्यंत गेलेला. निळ्यावर पांढरा. मला क्षणभर आपल्याच बरगडीवर कुणी नख ओढल्यासारखं वाटलं. शेजारीच वॉचमनचा धाकटा पोरगा. आठ-नऊ वर्षांचा, हातात कुणीतरी दिलेली मोडकी सायकल, जिच्या एका हँडलची मूठ निघून आतली नळी उघडी पडलेली. पुरावा समोर उभा होता. मी साक्षीदार, फिर्यादी आणि न्यायाधीश, तिन्ही टेबलांचं काम एकट्यानेच उरकलं.

"मी न्हाई केलं," पोरगा म्हणाला.

"मग कोणी केलं? तुझ्या बापाची गाडी आहे का रे?"

वाचकहो, हे वाक्य आपण मराठी माणसं दिवसातून दहा वेळा म्हणतो. बसमध्ये म्हणतो, पोस्टाच्या रांगेत म्हणतो. पण त्या दिवशी तो बाप तीन हातांवर उभा होता. माझ्या गाडीसाठी रोज फाटक उघडून सलाम करणारा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे बघितलं आणि पोराच्या थोबाडीत एक ठेवून दिली. मी "मारू नका हो" वगैरे म्हणालो. ते म्हणायचं असतं म्हणून म्हणालो.

दुसऱ्या दिवशीपासून एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. पोरगा पार्किंगमधून जाताना माझ्या गाडीला चांगला दोन हातांचा वळसा घालून जायचा. बाकीच्या गाड्यांमधून सुळकन निघायचा. माझी आली की, दोन्ही हात अंगाशी घट्ट धरायचा. नव्वद हजार खर्च न करता माझ्या गाडीला संपूर्ण संरक्षण मिळालं होतं.

सोमवारी बँकेत गेलो. आमच्या शाखेच्या मागे गाड्या लावायला बोळासारखी जागा आहे. तिथल्या लोखंडी फाटकाची एक बिजागरी बाहेर आली आहे. तक्रार रजिस्टरमध्ये ती पाच वर्षांपूर्वीच आलेली आहे. गाडी आत घेताना मी आरशात बघितलं आणि थांबलो. बिजागरीच्या टोकावर निळा रंग होता. गडद निळा. उतरून उंची बघितली. वीत टेकवून बघितली. डावी बाजू. मागचं दार.

आमच्या शास्त्रात दर नावेला जमा असते. दारावर नावे पडलं होतं. जमा इथे बिजागरीवर होती. आणि मी ती रक्कम भलत्याच्याच खात्यावर टाकली होती. बुक-कीपिंगमध्ये याला 'एरर ऑफ कमिशन' म्हणतात. या चुकीचा वाईट गुण असा की, ट्रायल बॅलन्स जुळतो. बेरजा बरोबर येतात. ओरखडा आहे, गुन्हेगार आहे, शिक्षा झाली आहे, सगळं तंतोतंत. ज्याच्या नावावर पडलं तो येऊन सांगतो तेव्हाच ती उघडकीला येते. आणि इथे तर तो पहिल्याच दिवशी सांगत होता, 'मी न्हाई केलं.'

दुरुस्तीची नोंद त्याच दिवशी घालायला हवी, हे मी ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक पोराला सांगतो. मी स्वतः पाच दिवस घातली नाही. पहिल्या दिवशी उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी वॉचमनची पाळी बदलली होती. तिसऱ्या दिवशी मी मध्यम मार्ग काढला. पोराला चॉकलेट दिलं. कशाबद्दल ते न सांगता. आमच्याकडे असल्या रकमेला 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतात. कुठे टाकायची कळत नाही ती तिथे टाकायची. पोराने चॉकलेटकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. रात्री ते मीच खाल्लं. कडू चॉकलेटही मिळतात म्हणे. हे तसलं नव्हतं.

शनिवारी स्टुडिओत गेलो. म्हटलं, एकदाची फिल्म लावून टाकू, म्हणजे तो ओरखडाही झाकला जाईल. पोराने दारावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"सर, यावर नाही लावता येणार. आधी हा काढावा लागेल."

"का? तुमचं ते गरम पाणी?"

"ते फिल्मवर उठलेल्या ओरखड्याला. हा खालचा आहे. यावर फिल्म घातली तर हा आत कोंडला जाईल. वरून अजून चमकेल. मग फिल्म आहे तोवर तो काढता येत नाही. आधी डाग काढायचा, मग झाकायचं."

बिचारा गाडीबद्दल बोलत होता. त्यालाही कॉमर्सच्या माणसासारखी स्वच्छ भाषा येत होती, एवढंच. मी कॉफी न पिता उठलो.

नऊ वर्षांच्या मुलाची माफी कशी मागतात, याचा नमुना कुठल्याच सर्क्युलरमध्ये नाही. माणूस वाकतो कुठे आणि बघतो कुठे, तेही समजत नाही. एवढं मात्र मला कळत होतं, की ज्या जागी आणि ज्याच्यासमोर नावे टाकलं, तिथेच जमा करायला हवं. पोराला एकट्याला गाठून भागणार नव्हतं. वॉचमन खुर्चीवर बसला होता, पोरगा पायरीवर गृहपाठ करत होता. मी म्हणालो, "परवा मी तुला ओरडलो ना, ती माझी चूक होती. ओरखडा माझ्याच हातून पडला होता. तू खरं सांगत होतास."

वॉचमन घाईघाईने उठला. "जाऊ द्या साहेब. लेकरू हाय. इसरलंय ते."

पोरगा विसरला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बापाकडे वळला आणि म्हणाला, "बघा, मी सांगत व्हतो."

माझी माफी त्याला नकोच होती. त्याचं खातं दुसरीकडे उघडं पडलं होतं. बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. मी जिन्याकडे वळलो. काही नोंदी घातल्यावर तिथे उभं राहायचं नसतं.

तर मग रॅप की फिल्म? तुम्हाला व्यवहाराचा सल्ला हवा असेल तर तोही देतो. नव्वद हजारांच्या विचाराने मिळवलेला आहे. रंगाची हौस असेल, आरटीओचा खेटा सोसत असेल, तर रॅप. हमरस्त्यावरून रोज लांब जात असाल, तर फिल्म. मी सरतेशेवटी पुढच्या बंपरला आणि बॉनेटच्या कडेला तेवढी फिल्म लावली. खडे पुढूनच येतात. तिथे संरक्षण हवं, यात कमीपणा नाही. बाकीची गाडी मी तशीच उघडी ठेवली. ती आयुष्याकरता घेतली आहे, पुढच्या गिऱ्हाइकाकरता नाही. दारावरचा ओरखडा भरून घेतला नाही. सौ. रोज म्हणते, "वाईट दिसतं हो." दिसतंच. दिसावं म्हणूनच ठेवला आहे.

रिमोट मात्र अजून पिशवीतच आहे. माणूस एकदम किती सुधारणार?

परवा पाऊस उघडल्यावर चार दिवस गाडी धुतली नव्हती. धूळ बसली होती. सकाळी खाली आलो तर मागच्या काचेवर बोटाने एक नाव लिहिलेलं. मोठ्या अक्षरांत, वेलांटी चुकवून. चार महिने हा पोरगा माझ्यासमोर खेळत होता. गाडीच्या रंगाचा कंपनीतला कोड नंबर मला तोंडपाठ आहे. पण त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं. म्हणजे दोन हातांचा वळसा संपला होता आणि बोट काचेला टेकलं होतं.

नोंदणीच्या कागदावर गाडी माझ्या नावावर आहे. कर्ज फिटेपर्यंत बँकेचंही नाव आहेच. मागच्या काचेवर तिसरं होतं. मी वायपर न लावता तसाच बँकेत गेलो.